एकशे सातवर थांबलेला पारा

आमचे डॉक्टर माणसाला हात लावायच्या आधी त्याचा ताप सांगत. पेशंट दाराशी चप्पल काढत असायचा आणि आतून आवाज यायचा, "एकशे एक. बस." मग ते उलटा हात कपाळाला लावत आणि आकड्यात अर्ध्या अंशाची दुरुस्ती करत. शेवटी थर्मामीटर. थर्मामीटरनं दुजोरा दिला तर तो चांगला. नाही दिला तर डॉक्टर त्याच्याकडे असे बघत, जणू भाच्यानं चारचौघांत मामाला खोटं पाडलंय. "हा कंपनीचा माल बिघडला," असं म्हणून ते स्वतःचाच आकडा चिठ्ठीवर लिहीत.

रोह्यात त्यांना फॅरनहाइट डॉक्टर म्हणत. खेड्यांतल्या लोकांच्या जिभेवर ते नाव बसेना म्हणून तिकडे पाऱ्याचा डॉक्टर. दवाखाना रोह्याला, आणि आठवड्यातून दोन दिवस पेणला. माझं बालपण पेणचं आणि नोकरी रोह्याच्या कॉलेजातली, त्यामुळे माझ्या आयुष्यातला एकही ताप त्यांच्या हातून सुटलेला नाही. मी पोरगा होतो तेव्हा ते मला 'गधड्या' म्हणत. मराठीचा प्राध्यापक झाल्यावर 'मास्तर' म्हणू लागले. ही बढती नव्हती.

सेल्सिअसवर त्यांचा राग होता. केल्विनबद्दल आदर होता, पण लांबच्या श्रीमंत नातेवाइकाबद्दल असतो तसा, भेटण्याची वेळ न येणारा. फॅरनहाइट मात्र घरचा. "सेल्सिअसनं कोणाला विचारलं? पाण्याला. बाबा, तू गोठतोस कधी, उकळतोस कधी? तिथं शून्य, तिथं शंभर. माणूस कुठंय त्यात? माणूस मधेच कुठंतरी सदतिसाच्या आसपास चिकटवलेला. फॅरनहाइटनं नळी माणसाच्या काखेत धरली. म्हणून ताप त्याच्याच भाषेत मोजायचा. हवा मोजा हवी तर सेल्सिअसमधे, हवेला काय कळतंय?"

हे व्याख्यान ते थर्मामीटर पेशंटच्या तोंडात असताना देत. त्या दोन-तीन मिनिटांत श्रोत्याला तोंड उघडायची मनाई असते. मी पुढे अनेक वक्ते ऐकले, अध्यक्ष म्हणून सहनही केले, पण इतकी आदर्श सभा कोणाला मिळालेली पाहिली नाही.

पेणच्या दवाखान्यात खाडीकडचे, मिठागरातले लोक येत. त्यांच्यासाठी व्याख्यानात एक जादा परिच्छेद असे. फॅरनहाइटनं शून्य ठरवलं ते बर्फात मीठ घालून. "तुमच्या मिठावर उभं आहे सगळं. तो इकडचाच माणूस समजा!" मी पुढे वाचलं तेव्हा कळलं की ते मीठ वेगळं होतं, नवसागराचं. तसं त्यांना सांगितलंही. ते म्हणाले, "मास्तर, नवसागर कोण पिकवतो वडखळच्या खाडीत? मीठच बरं." एकदा मिठागरातल्या एका म्हातारीनं थर्मामीटर तोंडातून काढून त्यांना मधेच विचारलं होतं, "मंग त्यो आलेला का कवा आमच्याकं?" डॉक्टरांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "पत्ता चुकला त्याचा, आजी."

त्यांचा आकडा नेहमी खऱ्यापेक्षा चढा असे. आम्ही समजायचो, म्हाताऱ्याचा अंदाज चुकतो. तो चुकत नव्हता. एकदा मी त्यांच्या समोरच्या बाकावर पेपर वाचत बसलो होतो. एका सुनेला तिची सासू घेऊन आली. थर्मामीटर डॉक्टरांनी खिडकीकडे धरला तेव्हा मलाही पारा दिसला, शंभराच्या जरा वर. डॉक्टर म्हणाले, "एकशे तीन. चार दिवस झोपून." त्या गेल्यावर मी भुवई उचलली. ते म्हणाले, "शंभर सांगितलं तर घरातले म्हणतात, भाकऱ्या थाप नि मग नीज. एकशे तीन म्हटलं की सासू थापते. औषध तेच आहे मास्तर, फक्त डोस आकड्याचा दिलाय."

धाटावच्या कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्यांना तर ते सरसकट दीड-दोन अंश वाढवून देत. शंभर तापाला सुपरवायझर गोळी देऊन मशिनवर उभं करतो. एकशे दोनला घरी पाठवतो, कारण मशिनवर पडला तर त्याला उत्तरं द्यावी लागतात. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच्या तापाला त्यामुळे रोह्यात महागाई होती. सगळ्यांना ते ठाऊक होतं. कंपन्यांनाही. सुपरवायझर चिठ्ठी बघून म्हणत, "पाऱ्याचा डॉक्टर ना? म्हणजे शंभर. ये कामाला." मग डॉक्टर आणखी अर्धा अंश चढवत. हे युद्ध वर्षानुवर्षं चाललं आणि दोन्ही बाजूंना त्यात मजा येत असावी. पुढे या मजेची किंमत कोणी चुकवली, ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

त्याआधी त्यांच्या झटक्याबद्दल सांगायला हवं. थर्मामीटर वापरण्यापूर्वी ते तो चिमटीत धरून मनगटानं असा झटकत की बघणाऱ्याचं निम्मं दुखणं तिथंच गळून पडे. मनगट सैल, कोपर स्थिर, आणि तीन झटके. त्या काचेच्या नळीत पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही, त्याच्या मानेशी काच अरुंद केलेली असते. डॉक्टर हे प्रत्येकाला शिकवत. शाळांतून बोलावणं आलं की जात आणि पोरांना ओळीनं उभं करून पेन्सिली झटकायला लावत. "आधी झटक, मग बघ. आधीच्याचा ताप आपल्या डोक्यावर घ्यायचा नाही." पेण आणि रोहा या दोन गावांत आज चाळिशीच्या पुढचा कोणीही घ्या आणि त्याच्या हातात काचेचा थर्मामीटर द्या. बोलता बोलता त्याचं मनगट आपोआप हलेल.

बाळाराम रोह्याजवळच्या निडी गावचा. भात झालं की त्याच जमिनीत वाल, आणि वर्षभर धाटावला एका कंपनीत ठेकेदाराकडे काम. पावडर सुकवायच्या शेडमधे. वर पत्रा, आत ड्रायर, आणि एक एक्झॉस्ट पंखा, जो तपासणीच्या दिवशी फिरे. बाळाराम डॉक्टरांचा जुना पेशंट, पण वाईट पेशंट. त्याला ताप यायचाच नाही. "तुझ्यामुळं माझं नुकसान आहे," डॉक्टर त्याला म्हणत. तो हसायचा. "डाक्टर, त्या शेडमधे ताप आला तरी कळल कुनाला? तिथं सगल्यांनाच आलेला हाय."

ते एप्रिलमधलं दुपारचं ऊन होतं, टीव्हीवाले ज्याचे आकडे लाल अक्षरांत दाखवतात तसलं. दवाखाना बंद होता. कंपनीच्या टेम्पोतून बाळारामला आणलं, सोबत शेडमधला एकच जोडीदार. डॉक्टर वरच्या खोलीतून बनियनवरच खाली आले. मला त्यांच्या कंपाउंडरनं हाक मारली. मी पोचलो तेव्हा बाळाराम दवाखान्याच्या फरशीवर उताणा होता, अंगावर ओला पडदा. दाराचा पडदाच काढून भिजवला होता. मच्छी मार्केटातून आणलेला बर्फ काखांत नि मानेशी. अंग तापलेलं आणि कोरडं ठणठणीत, घामाचा थेंब नाही. तो बडबडत होता, वाल झोडायचे राहिले म्हणून. डॉक्टर नेहमी पेशंटशी बोलायचे. त्या दिवशी एक अक्षर बोलले नाहीत. आकडा तर मुळीच नाही.

अॅम्ब्युलन्स आली, अलिबागला न्यायचं ठरलं. कुंदा, बाळारामची बायको, निडीहून आली होती ती तशीच सोबत चढली. वडखळच्या वळणाला तेव्हा गाड्यांची नेहमीची रांग होती. त्या रांगेतच तो गेला.

अॅम्ब्युलन्स गेल्यावर डॉक्टर टेबलाशी बसले. थर्मामीटर त्यांच्या हातात होता. मी सवयीनं वाट पाहत होतो मनगट हलण्याची. ते हललं नाही. त्यांनी तो तसाच डबीत घातला, डबीला चिकटपट्टी लावली आणि लसींच्या फ्रिजमधे वरच्या कप्प्यात ठेवली. म्हणाले, "एकशे सात. बाहेर ठेवला तर हे ऊनच चढवेल त्याला आणखी."

मी म्हटलं, "केसपेपरवर लिहिलंय ना तुम्ही?"

"लिहिलंय. माझं लिहिणं कोण मानतो, मास्तर? गावभर मी एकशे सात वाटत आलोय."

नंतरचं सगळं अपेक्षेप्रमाणे झालं. कागदावर मृत्यूचं कारण आलं, हृदयक्रिया बंद पडल्याने. हृदयक्रिया चालू असताना कोणी मेल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. टेम्पोतून सोबत आलेला जोडीदार म्हणाला, त्याला काही आठवत नाही. त्याचाही ठेका महिन्याच्या महिन्याला नवा होत असे. त्याची आठवणही बहुधा तशीच होती. आणि कंपनीच्या गेटवरून एक बातमी सुटली, आणि बाळारामच्या तेराव्याच्या आत निडीला पोचली: तो पिऊन आला होता.

कुंदा डॉक्टरांकडे आली ती एवढ्यासाठी. मला वाटलं होतं ती भरपाईचं विचारेल. तिनं त्याचं नावही काढलं नाही.

"डाक्टर, तो पीत नवता. माज्या पोराला शालेत 'बेवड्याचा' बोलतात. कंपनीनं लिवून द्यावा, उनानं गेला. बस, येवढा."

"देतील," डॉक्टर म्हणाले. "माझ्याकडं आहे पुरावा."

"काय हाय?"

"पारा."

तिला काही समजलं नसावं, पण ती त्यांच्याकडे बघून मान हलवून उठली. मी तिच्यातर्फे एक अर्ज लिहिला. मराठीचा प्राध्यापक असल्याचा तो एक उपयोग. अर्जात 'सदर' हा शब्द भरपूर वापरला.

कंपनीनं चौकशी समिती नेमली. तिचे प्रमुख कंपनीतलेच साहेब, पण आमच्या रोह्याचे. लहानपणी डॉक्टरांच्या हाताखालून टायफॉइडमधून निघालेले. ही जमेची बाजू आहे असं आम्हाला वाटलं. दुसरे कंपनीचे सेफ्टी ऑफिसर. तिसरे बाहेरून बोलावलेले तज्ज्ञ. ते बॉयलरचे तज्ज्ञ होते.

बैठक कंपनीच्या सभागृहात. भिंतीवर सुरक्षेची शपथ, तिच्याखाली गुळगुळीत टेबल, प्रत्येकापुढे पाण्याची बाटली आणि काजूची बशी. एसी बाविसावर. सेल्सिअस. कुंदाला बाहेर बाकावर बसायला सांगितलं, कारण आत 'तांत्रिक चर्चा' होणार होती. डॉक्टर इस्त्रीचा बुशशर्ट घालून आले होते, वरच्या खिशात ती डबी. वाटभर त्यांनी ती बर्फाच्या पिशवीत ठेवली होती आणि गेटवर काढून रुमालानं पुसली होती. मी अर्जाचा लेखक म्हणून मागे बसलो.

सेफ्टी ऑफिसरनं पडद्यावर चित्रं दाखवली. त्यांच्या कंपनीत सगळी मोजमापं प्रमाणित एककांत होत असल्यामुळे डॉक्टरांच्या केसपेपरवरचा आकडा त्यांनी बदलून घेतला होता. पडद्यावर दोन ओळी आल्या. परिसराचं तापमान: एक्केचाळीस. मृताच्या शरीराचं तापमान, डॉक्टरांच्या म्हणण्यानुसार: एक्केचाळीस पूर्णांक सात.

सगळ्यांनी त्या दोन ओळींकडे पाहिलं. मीही पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्यात काही भयंकर दिसलं नाही. आपल्याकडे ताप असतो एकशे दोन, एकशे तीन. आणि हवा असते अडतीस, चाळीस. दोन्हीही अंशच, पण ते एकमेकांच्या घरी जात नाहीत. ताप हवेच्या कपड्यांत आणून उभा केला की त्याला कोणी ओळखत नाही.

"म्हणजे," बॉयलरचे तज्ज्ञ म्हणाले, "बाहेर होतं तेवढंच होतं अंगात. फरक पाऊण अंशाचा." ज्या माणसाची हयात दोनशे अंशांच्या पुढे गेली, त्याला एक्केचाळीस म्हणजे गारठाच. "त्या दिवशी मीही बाहेर होतो. मला काही झालं नाही."

"तुम्ही बाहेर एक्केचाळीसमधे होतात," डॉक्टर म्हणाले, "एक्केचाळीस तुमच्या आत नव्हतं. माणूस चाळिसाच्या हवेत सदतीस राहतो, म्हणून जिवंत असतो. अंग हवेइतकं झालं म्हणजे तो आतून संपला. एकशे सात म्हणा ना! एकशे सात ताप म्हणून आईला सांगा, बघा ती काय करते!"

"एककं बदलून तापमान बदलत नाही, डॉक्टर," सेफ्टी ऑफिसर हसून म्हणाले. वाक्य अचूक होतं. अचूक वाक्यांचा मला तेव्हापासून कंटाळा आला.

साहेब मात्र मायेनं बोलले. "डॉक्टरकाका, तुमच्याबद्दल कोणाला आदर नाही? पण तुमचे आकडे... अहो, मला टायफॉइड होता तेव्हा तुम्ही आईला एकशे पाच सांगितलंत. ती बिचारी देव पाण्यात घालून बसली. मागाहून तुम्हीच कबूल केलंत, एकशे दोन होता!" सगळे हसले. सेफ्टी ऑफिसरनं कुठल्यातरी चिठ्ठीची आठवण काढली, त्यावरही हसले. हे हसणं दुष्ट नव्हतं. गावात लाडक्या माणसाला हसतात तसं होतं. डॉक्टरही थोडे हसले. मग त्यांनी खिशातून डबी काढली, चिकटपट्टी सोडवली आणि टेबलावरून पुढे सरकवली.

"म्हणून आज माझा आकडा आणलेला नाही. त्याचाच आणलाय. त्या दिवसापासून तसाच आहे. वाचा."

बॉयलरचे तज्ज्ञसुद्धा पुढे झुकले. यंत्रावर त्यांचा विश्वास होता. साहेबांनी डबी उघडली. थर्मामीटर बाहेर काढला आणि त्यांचा चेहरा एकदम वेगळाच झाला, दहा वर्षांच्या पोराचा. "अरे, हा काचेचा! किती वर्षांनी हातात आला! काका, शाळेत यायचात तुम्ही, आठवतं? आम्हाला ओळीनं उभं करून..."

आणि बोलता बोलता त्यांनी मनगट सैल सोडून, कोपर स्थिर ठेवून तो झटकला. तीन वेळा. मग खिडकीकडे धरून डोळे बारीक करून पाहिलं.

"दिसत नाही काही," ते म्हणाले.

मी डॉक्टरांकडे पाहिलं. त्यांचा एक हात अर्धा वर उचललेला होता, थांबवायला उठलेला, आणि तिथंच राहिलेला. साहेबांना आपण काय केलं ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ते लाल झाले. मग त्यांनी थर्मामीटर डबीत ठेवला, डबी दोन्ही हातांनी डॉक्टरांपुढे केली, आणि म्हणाले, "सॉरी काका. सवय." नंतर घसा खाकरून सेफ्टी ऑफिसरला म्हणाले, "पुढची स्लाइड."

बाहेर कुंदा बाकावरून उठली. "काय झाला, डाक्टर?"

"पारा खाली गेला," डॉक्टर म्हणाले.

"मंग? बरा झाला ना?" तिच्या आयुष्यात पारा खाली गेला म्हणजे माणूस बरा झाला, एवढंच तिला माहीत होतं. ते तिला डॉक्टरांनीच शिकवलं होतं.

अहवालात लिहिलं की मृत्यू नैसर्गिक होता, शरीराचं तापमान परिसराच्या तापमानाशी सुसंगत होतं, आणि मद्याबाबत निश्चित काही सांगता येत नाही. 'निश्चित काही सांगता येत नाही' हे वाक्य निडीला पोचेपर्यंत 'प्यायला होता' झालं. कंपनीनं माणुसकीच्या दृष्टिकोनातून, असं छापलं होतं, बाळारामचा मोठा मुलगा वयात आल्यावर त्याला ठेकेदाराकडे लावून घ्यायचं जाहीर केलं. गेटवर मोठ्या आकड्यांचा फलक आला, परिसराचं तापमान क्षणोक्षणी दाखवणारा. त्याचं उद्घाटन झालं, फीत कापली. शेडमधला पंखा होता तसाच राहिला, पण आता बाहेर किती गरम आहे ते सगळ्यांना बसून बघता येतं.

मी चिडलो होतो. डॉक्टरांना म्हटलं, साहेबानं मुद्दाम केलं. कळून केलं. ते म्हणाले, "नाही रे मास्तर. त्याचं मनगट बघितलंस का? कोपर हललं नाही अजिबात. एवढं चांगलं मुद्दाम जमत नाही." थोड्या वेळानं म्हणाले, "मुद्दाम केलं असतं तर बरं झालं असतं. भांडायला कोणीतरी मिळालं असतं."

त्यानंतर दवाखाना चालू राहिला, पण डॉक्टर निराळे झाले. दारात चप्पल काढणाऱ्याला आतून आकडा ऐकू येईनासा झाला. थर्मामीटर लावत, काढत, आणि पेशंटच्याच हातात देत: "वाच तू." लोकांना वाचता येत नसे, ते कावरेबावरे होत. चिठ्ठीवर खरा ताप लिहू लागले, अर्धा अंशसुद्धा जास्त नाही. सुपरवायझर लोकांनी पहिले काही महिने जुन्या हिशेबानं त्यातून दोन अंश वजा केले. म्हणजे एकशे दोनचा खरा ताप घेऊन माणसं मशिनवर उभी राहिली. डॉक्टरांच्या कानावर हे घातलं तेव्हा ते फक्त म्हणाले, "बघ. खरं बोलायलाही उशीर करून चालत नाही."

फॅरनहाइटचं व्याख्यान बंदच झालं. पेणला जाणंही त्यांनी सोडलं. त्यांचा मुलगा मोठा डॉक्टर, त्यानं काचेचे थर्मामीटर काढून बटणाचे आणले. डॉक्टर ते घेऊन बसत. थर्मामीटर पीं असा आवाज करत आणि सदतीस, अडतीस असं काहीतरी दाखवत. "हे कोणाचं?" ते विचारत. "हवेचं की माणसाचं?" मुलगा म्हणे, बाबा थकलेत. थकले होतेच. मागच्या पावसाळ्यात गेले. शेवटचे दोन दिवस तापच होता. किती, ते त्यांनी विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही.

शोकसभा कंपनीनंच घेतली, सभागृहात. साहेब फार चांगलं बोलले. टायफॉइड सांगितला, पेन्सिली सांगितल्या, गळा दाटून आला, आणि तो खोटा दाटला नव्हता. थर्मामीटर झटकण्याची ती लकब त्यांनी करून दाखवली तेव्हा अनेकांनी डोळे पुसले. मी सभेत बसलेल्यांच्या मनगटांकडे बघत होतो. निम्मी हलली. मग डॉक्टरांच्या स्मरणार्थ कंपनीतर्फे आसपासच्या गावांत घरटी एक डिजिटल थर्मामीटर वाटण्याचा संकल्प सोडण्यात आला. टाळ्या. शोकसभेत टाळ्या वाजवू नयेत हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

गेल्या महिन्यात मी निडीला गेलो होतो. कुंदाकडे थांबलो, ती दर वर्षी मला वाल देते आणि मी नको म्हणत घेतो. ओटीवर तिचा मोठा मुलगा बसला होता, कंपनीचा निळा शर्ट घालून, डोळे लाल. त्याच शेडमधे लागलाय. बापाच्या जागी, असं लोक म्हणतात, आणि त्यांना वाटतं ही चांगली गोष्ट आहे. बाजूला तो वाटपातला थर्मामीटर पडला होता.

"आये, अडतीस तं हाय फक्त," तो म्हणाला. "अडतीस काय ताप असतो काय? गेटवरच्या बोर्डावर यापेक्षा जास्त असतो. सेकंड शिफ्ट हाय, जातो मी."

मी मनातल्या मनात हिशेब केला. शंभराच्या थोडा वर. गोळी देऊन मशिनवर उभं करता येईल इतका.

कुंदानं त्या यंत्राकडे पाहिलंही नाही. परातीतला पिठाचा हात पुसला, उलटा करून पोराच्या कपाळाला लावला, आणि डोळे मिटून क्षणभर तशीच उभी राहिली.

"एकशे तीन," ती म्हणाली. "नीज."

"आये, काय पन सांगतं!" तो माझ्याकडे वळला. "सर, तुमी शिकलेलं. तुमीच बघा नि सांगा हिला."

मी त्याच्या कपाळाला हात लावला. कोमट होतं.

"एकशे तीन," मी म्हटलं. "वर अर्धा असेल, कमी नाही."

तो कुरकुरत शर्टाची बटणं सोडू लागला. कुंदा परत परातीशी गेली.